छोट्या जहाजाने अंटार्क्टिका: जादा पैसे नेमके कशाचे?

प्रश्न मुलुंडच्या एका ताईंचा आहे. त्या आणि त्यांचे यजमान दोघंही निवृत्त, साठी ओलांडलेली. अंटार्क्टिकाला जायचं मनात आहे. मोठ्या क्रूझचं भाडं आणि सव्वाशे प्रवासी नेणाऱ्या छोट्या जहाजाचं भाडं यांत जवळजवळ दुपटीचं अंतर आहे. छोट्या जहाजाच्या माहितीपत्रकात ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ आणि ‘संवर्धनाला हातभार’ हे शब्द पानोपानी आहेत. त्या विचारतात, यात खरं किती आणि जाहिरात किती? आणि आम्हाला झेपेल का?

ताई, मी ध्रुवीय भागातल्या छोट्या जहाजांवर निसर्ग-मार्गदर्शक म्हणून काम करते. एरवी मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी लोकांना समुद्रजीव दाखवत फिरते. कुठल्याही कंपनीचं बुकिंग घेत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

फरक खरा आहे. जादा पैसे दोन गोष्टींचे असतात. एक म्हणजे जमिनीवर मिळणारा वेळ. दुसरी म्हणजे ‘आज इथे उतरायचं नाही’ असं शंभर पाहुण्यांच्या तोंडावर सांगू शकणारा माणूस. ही दुसरी गोष्ट माहितीपत्रकात कुठेच छापलेली नसते, पण संवर्धनाच्या गप्पांमध्ये जे काही खरं आहे ते तिथेच आहे.

आधी वेळेचा हिशेब. अंटार्क्टिकात सहली नेणाऱ्या कंपन्यांची ‘आयाटो’ नावाची संघटना आहे. १९९१ मध्ये सात कंपन्यांनी ती सुरू केली. तिच्या नियमांप्रमाणे पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला कुणालाही किनाऱ्यावर उतरवता येत नाही. लहान जहाजांनाही एका जागी एका वेळी शंभराहून जास्त प्रवासी उतरवता येत नाहीत, आणि काही नाजूक जागी हा आकडा आणखी खाली येतो. म्हणजे तुमच्या यादीतली मोठी क्रूझ तुम्हाला हिमनग दाखवेल, बर्फाचे कडे दाखवेल, नशिबात असेल तर देवमासेही दाखवेल, पण सगळं डेकवरून. त्यात वाईट काही नाही. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी तो प्रामाणिक पर्याय आहे. फक्त ‘अंटार्क्टिकाला जाऊन आलो’ आणि ‘अंटार्क्टिकात उतरलो’ यांतला फरक बुकिंगच्या आधी माहीत असावा.

दोनशेच्या जवळ प्रवासी असलेल्या जहाजावर दोन गट पाडावे लागतात. एक गट किनाऱ्यावर आणि दुसरा झोडियाकमध्ये, म्हणजे फुगवलेल्या रबरी बोटीत, मग अदलाबदल. हवामानाने दिलेली खिडकी तीन-साडेतीन तासांची असली तर ती दोघांत वाटली जाते. शंभराच्या आतलं जहाज असेल तर सगळे एकदम खाली उतरतात आणि तो वेळ अख्खा तुमचा असतो. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न जहाजावर किती प्रवासी आहेत आणि एका वेळी किती जण उतरतात हाच विचारा. केबिनला बाल्कनी आहे का, हे नंतर. बाल्कनीत उभं राहायला तिथे कुणाला फारशी सवडही मिळत नाही.

आता माणसांकडे वळते, कारण खरी गोष्ट इथे आहे.

आपल्याकडून निघणाऱ्या मोठ्या ग्रुप टूर्सबरोबर टूर मॅनेजर असतो. पासपोर्ट, सामान, वेळेवर चहा, कुणाचं औषध विसरलं तर धावपळ, हे सगळं तो करतो आणि बहुतेक वेळा फार प्रेमाने करतो. पण तो निसर्ग-मार्गदर्शक नाही. जहाजावरचा मार्गदर्शक-चमू वेगळा असतो. त्यात एक एक्स्पिडिशन लीडर, म्हणजे सफरीचा प्रमुख, असतो, त्याच्या हाताखाली पक्षी, सागरी सस्तन प्राणी, हिमनद्या, भूशास्त्र, ध्रुवीय इतिहास यांतली माणसं असतात, आणि त्यांतले बरेच जण झोडियाकही चालवतात. किनाऱ्यावर दर वीस प्रवाशांमागे किमान एक मार्गदर्शक असावा लागतो. चांगल्या कंपन्या त्याहून जास्त ठेवतात. तेव्हा ‘तज्ज्ञ’ हा शब्द वाचून थांबू नका. तुमच्याच तारखेच्या सफरीवर कोण कोण असणार, त्यांचं शिक्षण काय, त्या भागात त्यांचे किती हंगाम झालेत, आणि ते संध्याकाळच्या व्याख्यानापुरते आहेत की बोटीत तुमच्या शेजारी बसणार आहेत, हे विचारा. जी कंपनी नावं देत नाही, निदान माणसांची पार्श्वभूमीही सांगत नाही, तिच्याकडे तो चमू हंगामाच्या तोंडावर घाईने जमवला जात असण्याची शक्यता मी धरून चालते.

हा माणूस काय करतो ते एका सकाळच्या उतरणीवरून, म्हणजे किनाऱ्यावर उतरण्याच्या फेरीवरून, सांगते. नाश्ता चालू असतो तेव्हाच एक्स्पिडिशन लीडर आणि दोन-तीन मार्गदर्शक आधीच्या बोटीने किनाऱ्यावर गेलेले असतात. ते लाटांचा जोर बघतात. बर्फाचे तुकडे वाऱ्याने आत सरकून परतीची वाट बंद करतील का, याचा अंदाज घेतात. वाळूवर सील पसरलेत का, फर सील असतील तर त्यांच्यापासून पंधरा मीटर अंतर राखून वाट काढता येईल का, हे पाहतात. मग पेंग्विनांच्या वाटा हेरतात. पेंग्विन घरट्यापासून समुद्रापर्यंत रोज त्याच वाटेने ये-जा करतात, आणि बर्फात त्यांचे खोलगट रस्ते तयार होतात. त्या रस्त्यात माणसाने पाय घालायचा नाही, ओलांडायचा असेल तर मार्गदर्शक दाखवेल तिथेच, आणि पेंग्विन येत असेल तर थांबायचं. आपला बूट मऊ बर्फात गुडघाभर रुतला तर मागे राहिलेला खड्डा हातापायांनी बुजवून पुढे जायचं असतं. त्यात पडलेल्या पेंग्विनाला कधी कधी बाहेर येता येत नाही. हे सगळं पाहून झेंडे रोवून चालण्याची वाट आखली जाते, आणि मगच जहाजावर घोषणा होते.

२०२३ पासून या पाहणीत एक नवं काम वाढलंय. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्ड फ्लूचा घातक प्रकार दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाला पोहोचला आणि २०२४ च्या सुरुवातीला अंटार्क्टिक द्वीपकल्पावरही, म्हणजे बहुतेक सफरी जातात त्या भागातही, त्याची खात्री झाली. साउथ जॉर्जियातल्या हत्ती-सीलांना त्याचा फार मोठा फटका बसला. तेव्हापासून मार्गदर्शक आधी जाऊन पक्षी आणि सील यांच्यात आजाराची लक्षणं शोधतात. मेलेले पक्षी संशयास्पद वाटले की ती जागा बंद. आणि प्रवाशांनी बर्फावर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, पाठीवरची पिशवीसुद्धा खाली ठेवायची नाही. फक्त बूट जमिनीला लागले पाहिजेत. फोटोसाठी आडवं पडायची हौस असलेल्यांना हे जड जातं. तुम्ही आधीच मनाची तयारी ठेवा.

आता तो ‘नाही’. अमुक जागी उतरायचं असं संध्याकाळच्या ब्रीफिंगमध्ये सांगितलेलं असतं. लोक रात्रभर स्वप्नं बघतात. सकाळी लीडर सांगतो की इथे उतरता येणार नाही. शंभर माणसं निराश होतात, आणि त्यांतली काही चिडतात, कारण माणशी दहा लाखांच्या घरात पैसे मोजलेत. सफरीच्या शेवटी याच माणसांच्या हातात अभिप्रायाचा कागद जाणार असतो, टिप्सही त्यांच्याच हातून येणार असतात. ज्या कंपनीत हा कागद लीडरच्या पुढच्या हंगामाची नोकरी ठरवतो, तिथे तो ‘नाही’ म्हणायला कचरतो. ज्या कंपनीत कॅप्टन आणि लीडर यांच्या निर्णयावर ऑफिसमधून कुणी बोट ठेवत नाही, तिथे पक्षीही सुरक्षित राहतात आणि तुम्हीही. या दोन सुरक्षितता एकच आहेत. सीलांच्या गर्दीतून माणसं रेटणारा लीडर वाढत्या वाऱ्यातही बोट काढायला तयार होतो, हे मी वारंवार पाहिलंय.

हा प्रकार समजायला इतकं दूर जायचीही गरज नाही. कोकणात डॉल्फिन दाखवायला बोटी निघतात. ‘डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत’ अशी बोली झाली की पुढचं सगळं ठरून जातं. पाठीवरचा पर दिसायचा अवकाश, पाच-सहा बोटी चहूबाजूंनी त्याच्यावर धावतात, आणि बिचारं जनावर श्वास घ्यायला वर येतं तिथे इंजिनाचा गोंगाट असतो. त्या बोटवाल्याला दोष देणं सोपं आहे. पण त्याची दिवसाची कमाई पाहुण्याच्या ‘दिसलाच पाहिजे’वर टांगलेली असते. पाहुणा बदलला तर तोच नाखवा इंजिन बंद करून शांत उभा राहतो आणि डॉल्फिन आपणहून बोटीजवळून जातात. अंटार्क्टिकातही पैशाची हीच साखळी आहे, फक्त आकडे मोठे.

म्हणून माझा आवडता प्रश्न तुम्हाला देते. कंपनीला लिहून विचारा, ‘गेल्या हंगामात तुम्ही कोणत्या उतरणी रद्द केल्या आणि का?’ चांगली कंपनी लगेच दोन-चार उदाहरणं देईल, कुठे वारा, कुठे बर्ड फ्लूचा संशय, कुठे बर्फाने भरलेली खाडी. ‘आमच्या सगळ्या उतरणी यशस्वी होतात’ असं उत्तर आलं तर तिथे पैसे भरू नका. तसंच द्वीपकल्पाच्या नेहमीच्या दहा-अकरा दिवसांच्या सफरीवर ‘एम्परर पेंग्विन दाखवू’ असं कुणी ठामपणे सांगत असेल तर सावध व्हा. त्या वाटेवर जेंटू, चिनस्ट्रॅप आणि अ‍ॅडेली पेंग्विन दिसतात. एम्परर क्वचित एखादा भरकटलेला.

जहाजावरून उतरण्याआधीचा सोहळा तुम्हाला गमतीचा वाटेल, पण त्याला मी फार मानते. सगळ्यांचे बाहेरचे कपडे, पिशव्या, कॅमेऱ्याचे पट्टे व्हॅक्यूम क्लिनरने साफ केले जातात. वेल्क्रोच्या पट्ट्या चिमट्याने तपासल्या जातात. सह्याद्रीत भटकून आल्यावर मोज्यांना चिकटलेली कुसळं आठवा. तशी एक कुसळ तिथे पडली तर काय होऊ शकतं याचा पुरावा द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर आहे. पोआ अ‍ॅन्युआ नावाचं एक साधं गवत माणसांबरोबर तिथे पोहोचलं आणि रुजलं. त्यामुळे ट्रेकचे जुने बूट आणि जॅकेट नेणार असाल तर घरीच नीट धुऊन, शिवणीतून टोकरून साफ करून न्या. बहुतेक कंपन्या लांब रबरी बूट वापरायला देतातच. प्रत्येक उतरणीच्या आधी आणि नंतर ते जंतुनाशकात बुडवावे लागतात. किनाऱ्यावर खाण्याचं काहीही न्यायचं नाही. खिशात शेंगदाणे, चिवड्याची पुडी, खडीसाखर, काही नको. पाण्याची बाटली चालते. आणि तिथे शौचालय नसतं. गरज लागली तर बोटीने जहाजावर परत यावं लागतं, आणि त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. मार्गदर्शकाला सांगा, तो बोट बोलावतो. साठीच्या पुढच्या लोकांनी हे माहीत नसल्यामुळे सकाळी पाणीच न पिण्याचा मार्ग धरलेला मी पाहिलाय. तसं करू नका.

पेंग्विनांपासून पाच मीटर दूर राहायचं हा नियम सगळ्यांना पाठ होतो. ते आपणहून तुमच्याजवळ आले तर हलू नका, बस. खाजगी ड्रोन नेऊ नका, त्यांना किनारी भागात बंदी आहे.

‘संवर्धनाला हातभार’ या वाक्यात नियमांशिवाय आणखी दोन गोष्टी बसवल्या जातात, पैसा आणि माहिती. दोन्हींत खरं आणि पोकळ असं दोन्ही सापडतं.

पैशाचं उत्तम उदाहरण साउथ जॉर्जियाचं आहे. सील आणि देवमासे मारणाऱ्यांच्या जहाजांतून या बेटावर उंदीर उतरले आणि पुढे दोनेक शतकं त्यांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त केली. साउथ जॉर्जिया हेरिटेज ट्रस्टने २०११ ते २०१५ दरम्यान तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं. नंतर कुत्र्यांना घेऊन बेट पिंजून काढलं आणि २०१८ मध्ये ते उंदीरमुक्त झाल्याचं जाहीर केलं. या कामाला सफरींच्या जहाजांवर जमलेल्या देणग्यांचाही हात लागला. जगात फक्त तिथेच राहणारा साउथ जॉर्जिया पिपिट हा चिमुकला गाणारा पक्षी आता पूर्वी उंदरांनी व्यापलेल्या भागांतही घरटी करतो. इथे पैसे कुठे गेले, काय काम झालं आणि त्याचा निकाल काय, हे कुणालाही तपासता येतं. तुमच्या कंपनीलाही हेच विचारा. कोणत्या संस्थेला, कोणत्या कामासाठी, आणि त्यातून काय झालं? ‘विक्रीचा काही भाग निसर्गासाठी’ या वाक्याला मी शून्य गुण देते.

माहितीच्या बाबतीत, हंपबॅक देवमाशाच्या शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. प्रवाशांनी काढलेले फोटो ‘हॅपीव्हेल’ नावाच्या उपक्रमाकडे जातात आणि तो देवमासा याआधी कुठे दिसला होता ते कळतं. द्वीपकल्पाजवळ पोट भरणारे हंपबॅक पिल्लं घालायला मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उबदार किनाऱ्यांपर्यंत जातात. तुमच्या मोबाइलमधला फोटो या नोंदीत जाऊन बसू शकतो आणि त्या देवमाशाची पुढची खबर तुम्हाला मुलुंडला बसून मिळू शकते. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचे नमुने घेणारा ‘फ्यॉर्डफायटो’ हा उपक्रमही चांगला आहे. पण जहाजावर कुणी नमुन्याची बाटली हातात देऊन टाळ्या वाजवायला लावत असेल तर त्या नमुन्याचं पुढे काय होतं, हे विचारायला लाजू नका. उत्तर देणारा मार्गदर्शक खूश होतो.

याची दुसरी बाजू लपवून सल्ला देणं बरोबर होणार नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका हंगामात अंटार्क्टिकात सात हजारांच्या आत पर्यटक जात. २०२३-२४ च्या हंगामात हा आकडा एक लाख वीस हजारांवर गेला. जहाजांची धुराडी काजळी सोडतात, ती बर्फावर बसते, बर्फ काळवंडतो आणि जास्त ऊन शोषून लवकर वितळतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा परिणाम एका पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ इतका काढला. शिवाय मुंबईहून अर्जेंटिनातलं ब्युनॉस आयरेस आणि तिथून जहाजं सुटतात ते उशुआया बंदर, हा विमानाचा धूर वेगळाच. जड इंधन तेलाला तिथे २०११ पासून बंदी आहे. देवमाशांच्या वावराच्या भागात जहाजं वेग दहा नॉटवर आणतात. नव्या जहाजांपैकी काहींत बॅटरीची जोड आहे. हे सगळं खरं असलं तरी कुठलीही कंपनी तुमची सफर ‘निसर्गाला शून्य धक्का’ म्हणून विकत असेल तर ते खोटं आहे.

मग जावं का? माझं मत असं आहे. ‘सातवा खंड’ यादीतून खोडायचा असेल तर जाऊ नका. मनापासून बघायचं, शिकायचं असेल तर आयुष्यात एकदा जा, घाईची विमानाने उडी मारून येणारी सफर टाळा, जमेल तितक्या जास्त दिवसांची घ्या, आणि आल्यावर पुन्हा पुन्हा जाण्याचा मोह आवरा. लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी १९६६ मध्ये सामान्य प्रवाशांना पहिल्यांदा अंटार्क्टिकाला नेलं तेव्हा त्यांचा विश्वास होता की जे माणसाने पाहिलेलंच नाही त्याचं रक्षण तो करणार नाही. मला तो विश्वास अर्धा पटतो. पाहिलेल्यांपैकी काही जण खरंच बदलून येतात, आणि ते जवळजवळ नेहमी चांगल्या मार्गदर्शकाच्या बोटीतले असतात.

दुसऱ्या जागांचा विचार करत असाल तर गालापागोसकडे जरूर बघा. इक्वेडोरने तिथे हे सगळं कंपन्यांच्या भल्या मनावर सोडलेलं नाही. राष्ट्रीय उद्यानाचा परवानाधारक मार्गदर्शक असल्याशिवाय तिथल्या बहुतेक स्थळांवर पाय ठेवता येत नाही, एका मार्गदर्शकामागे सोळा प्रवासी, जहाजावर जास्तीत जास्त शंभर. परदेशी पर्यटकाचं प्रवेशशुल्क ऑगस्ट २०२४ पासून २०० डॉलर झालं. समुद्र तुलनेने शांत, हवा उबदार, वयस्कर लोकांना सोपं. उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवरही नॉर्वेने १ जानेवारी २०२५ पासून संरक्षित भागांत दोनशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजांना मनाई केली आणि ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर, वसंतात ५०० मीटर अंतर सक्तीचं केलं. अस्वल जवळून दाखवू म्हणणारा तिथे थेट कायदा मोडत असतो.

आता तुम्हाला झेपेल का. बहुतेक साठीच्या लोकांना झेपतं, जहाजावर सत्तरीचेही पुष्कळ असतात. थंडीची भीती सगळ्यांना वाटते, पण उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, द्वीपकल्पावर तापमान शून्याच्या आसपास असतं. वारा बोचतो एवढंच. खरी परीक्षा दोन जागी आहे. उशुआयाहून निघाल्यावर दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधली ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात, आणि समुद्र खवळलेला असेल तर भल्याभल्यांना बोट लागते. गोळ्या उलटी सुरू होण्याआधी घ्यायच्या असतात, आणि कोणत्या घ्यायच्या हे तुमच्या रक्तदाबाच्या आणि इतर औषधांसकट डॉक्टरांना विचारून ठरवा. कानामागे लावायच्या पट्टीने काही वयस्करांना गोंधळल्यासारखं होतं, म्हणून ती न विचारता लावू नका. केबिन खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्याजवळची घ्या. ती स्वस्तही असते आणि हलतेही कमी.

दुसरी परीक्षा झोडियाकची. जहाजाच्या जिन्यावरून हलत्या बोटीत पाऊल टाकायचं असतं. खलाशी तुमचा हात कोपराच्या खाली, मनगटाच्या वर घट्ट धरतो आणि तुम्ही त्याचा तसाच धरायचा. हात मोकळे हवेत, कॅमेरा पिशवीत. आधी बोटीच्या काठावर पाऊल, मग आत, मग बसायचं आणि बसल्या बसल्याच सरकायचं. याची चांगली तालीम आपल्याकडे होते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची किंवा मोऱ्याची लाँच घ्या, तीही पावसाळ्याच्या तोंडावर समुद्राला जोर असताना, अर्थात सेवा चालू असेपर्यंतच. चढता-उतरताना आपला तोल कसा राहतो ते कळेल. यजमानांचा गुडघा तिथे कुरकुरला तर फिजिओथेरपी सुरू करायला तुमच्याकडे अजून महिने असतील. जहाजावरचे जिने रोज कित्येकदा चढावे लागतात. लिफ्ट असते, पण समुद्र खवळला की बंद ठेवतात.

सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. लिंडब्लाड यांच्यासाठी १९६९ मध्ये बांधलेलं, खास अशाच सफरींचं ‘एक्स्प्लोरर’ हे जहाज नोव्हेंबर २००७ मध्ये साउथ शेटलंड बेटांजवळ बर्फावर आदळून बुडालं. जहाजावरची १५४ माणसं उघड्या जीवरक्षक बोटींमध्ये काही तास काढून सुखरूप सुटली, जवळ दुसरं जहाज होतं म्हणून. २०१७ पासून ध्रुवीय पाण्यातल्या जहाजांसाठी ‘पोलर कोड’ ही आंतरराष्ट्रीय नियमावली लागू आहे. जहाजाचा आइस क्लास, म्हणजे बर्फाला तोंड देण्याइतकी त्याची मजबुती, काय आणि कॅप्टनचा ध्रुवीय अनुभव किती, हे विचारल्याने कुणाला राग येत नाही.

कागदपत्रांत दोन गोष्टी अडकवतात. पहिला विमा. पॉलिसीत अंटार्क्टिका हा शब्द स्पष्ट आहे का, आणीबाणीत हलवण्याचा खर्च त्यात आहे का, तुमच्या वयाला आणि जुन्या आजारांना ती लागू आहे का, हे लेखी घ्या. तिथून आजारी माणसाला बाहेर काढायला विमान किंवा जहाज वळवावं लागतं आणि त्याला दिवस लागू शकतात. दुसरी गोष्ट पिवळ्या तापाची लस. अर्जेंटिना आपल्या सरकारच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहे, त्यामुळे परत येताना प्रमाणपत्र मागतात. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीच्या पुढे या लसीचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून हे शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. ब्युनॉस आयरेसला किंवा उशुआयाला एक दिवस राखीव ठेवा, कारण जहाज तुमच्या विमानासाठी थांबत नाही. शाकाहारी जेवण नीट मिळतं, जैन हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा.

महिना निवडताना, नोव्हेंबरमध्ये बर्फ स्वच्छ असतो आणि पेंग्विनांची घरटी बांधायची लगबग असते. डिसेंबरअखेर ते जानेवारीत पिल्लं, फेब्रुवारी-मार्चमध्ये देवमासे भरपूर, पण वसाहतींत चिखल आणि वास. मला विचाराल तर फेब्रुवारी.

निघेपर्यंतचे महिने रिकामे घालवू नका. सराव नसलेल्या डोळ्याला मार्गदर्शकाने दाखवलेलंही नीट दिसत नाही, आणि तो सराव मुंबईत फुकट किंवा थोड्या पैशांत होतो. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी २०१७ पासून ओहोटीच्या वेळी किनाऱ्यांवर लोकांना घेऊन जातात. हाजी अलीच्या खडकांत प्रवाळ आहे हे निम्म्या मुंबईला माहीत नाही. कोस्टल रोडच्या वेळी हाजी अली आणि वरळीची प्रवाळं हलवावी लागली, कारण वन्यजीव कायद्याने त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. तिथेही नियम तेच. दगड उलटायचे नाहीत, प्राणी उचलायचे नाहीत, बूट कुठे पडतोय ते बघायचं.

मुलुंडहून ऐरोली तर खाडीपलीकडे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी भरती-ओहोटी पाहून सुटतात, आपल्या सोयीने नव्हे, त्यामुळे वेळ विचित्र मिळाली तरी घ्या. बोटीत बसल्यावर फोटोंच्या आधी नाखव्याकडे लक्ष द्या. थवा मान वर करून एका दिशेने चालू लागला की तो इंजिन मंद करतो का? बोटीतलं कुणी ‘अजून जवळ घ्या’ म्हणालं तर काय उत्तर देतो? मार्चच्या सुमारास वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला गेलात तर तिथल्या गावकऱ्यांनी बांधलेल्या दोरीमागे उभं राहा आणि ती दोरी कोण सांभाळतं, किती शांतपणे सांभाळतं ते पाहा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गट कांदळवनाची सफर घडवतो. त्या बायका स्वतः होडी वल्हवतात आणि खारफुटीचं प्रत्येक झाड नावानिशी ओळखतात. त्यांच्या होडीत बसून या, आणि मग छोट्या जहाजाच्या कंपनीला तुमच्या प्रश्नांची यादी पाठवा. उत्तरं आली की मलाही कळवा, म्हणजे त्यांतली कोणती धरण्यासारखी आहेत ते सांगता येईल.